नमुना आठ आणि डाव्या पायाचा वाघ

१

चोर सापडला. चोराने गुन्हा कबूल केला, आम्ही चोराला चहा पाजला आणि चोराने नंतर सगळ्यांचे कप विसळून ठेवले. त्यानंतर सर्वानुमते ठरलं, की यातलं काहीही घडलेलं नाही.

मी, रजत, धामणटोली ग्रामपंचायतीचा संगणक परिचालक आहे. सर्वानुमते ठरलेलं मला पाळावं लागतं. तेव्हा वरचा परिच्छेद तुम्ही वाचलेला नाही. चोर सापडलेला नाही, तो कोण हे मलाही माहीत नाही, आणि मी फार घाबरलेलो आहे.

घाबरल्याचं मात्र खरं आहे. ते सर्वानुमते रद्द करता आलं नाही.

बुधवारी सकाळी साडेनऊला मी कार्यालय उघडायला गेलो, तेव्हा ते आधीच उघडं होतं. कुलूप कडीला लटकत होतं, चावीसकट. त्याचं नवल नाही. चावी तुळशीच्या कुंडीखाली असते आणि हे गुपित गावातल्या प्रत्येक माणसाने जपलेलं आहे. नवल खाली होतं. दुपारी तालुक्याचे साहेब येणार म्हणून आदल्या दिवशी आवारात माती टाकून पाणी मारलं होतं. त्या ओल्या मातीत फाटकापासून दारापर्यंत पावलं उमटली होती. चार बोटं, मागे गादी, नखं नाहीत. माझा पंजा त्यात आरामात मावला असता. मी मोजून पाहिला नाही.

नख न उमटलेलं पाऊल कुत्र्याचं नसतं. आमच्याकडे हे पहिलीतल्या पोरांनाही कळतं, कारण बोर अभयारण्याचं जंगल आमच्या शेवटच्या घरापासून दीड किलोमीटरवर सुरू होतं, असं आम्ही मानतो. जंगल तसं मानत नाही.

मी पळत आत गेलो, दाराला आतून कडी लावली आणि टेबलावर चढून बसलो. श्वास जरा खाली बसल्यावर खिडकीतून पुन्हा पावलं पाहिली आणि एक गोष्ट ध्यानात आली. सगळी पावलं आत येणारी होती. बाहेर जाणारं एकही नव्हतं.

आणि कडी मी आतून लावली होती.

२

पुढची वीस मिनिटं मी लोखंडी कपाटामागच्या अंधाराकडे बघत काढली. तिथून काही आलं नाही. शेवटी दारावर थाप पडली आणि सरपंच किसनरावांचा आवाज आला. मी टेबलावरून हात लांबवून कडी काढली.

"लेका, टेबलावर काऊन चढला?"

मी म्हणालो, आत वाघ आहे. किसनराव एवढ्या चपळाईने माझ्याशेजारी चढले, की त्यांच्या गुडघेदुखीबद्दल मला तेव्हापासून शंका आहे. दोघांनी मिळून खोली तपासली, म्हणजे वरून. वाघ नव्हता. कॉम्प्युटर होता, खुर्ची होती, खुर्चीवरची उशीसुद्धा होती. टेबलावरचं एक बुक तेवढं नव्हतं. नमुना आठ.

नमुना आठ म्हणजे गावातल्या प्रत्येक घराची नोंद असलेलं जाडजूड रजिस्टर. घर किती लांब, किती रुंद, मातीचं की सिमेंटचं. घरपट्टी त्यावरून ठरते, आणि आता शाळेचा करही त्यावरूनच ठरणार होता.

कराचं असं, की आमच्या शाळेचं छत धोकादायक ठरलं. वरून पत्र आलं: गावाने स्वतः कर लावून छताचा वाटा उचलला तर शाळा राहील, नाहीतर सतरा मुलांनी नदीपलीकडच्या शाळेत जावं. ती शाळा चार किलोमीटरवर आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सागवान आणि माणसाच्या डोक्यावर जाणारी घाणेरीची झुडपं. पंधरा दिवसांपूर्वी त्या रस्त्यावर भरदिवसा एक कालवड गेली. गेली म्हणजे निम्मी गेली, निम्मी तिथेच होती.

सतरा मुलांपैकी एक माझी इला आहे. पहिलीत. तिला रस्त्यात दिसेल त्या जनावराशी बोलायची सवय आहे.

ग्रामसभेत कर एकमताने मंजूर झाला, असा ठराव आमच्या गावात पहिल्यांदाच. साहेब दुपारी तीनला येऊन नमुना आठवरून कर आकारणार होते. आजच आकारला तर छत, नाही आकारला तर नदीपलीकडे. आणि बुक वाघाने नेलं होतं.

वाघानेच नेलं, हे गावाने दहा मिनिटांत मान्य केलं. कशाला, एवढं एका म्हाताऱ्याने विचारलं, तर त्याला गप्प बसवण्यात आलं.

अकराच्या सुमारास मोटरसायकलवरून वनरक्षक छायाताई आल्या. मूळच्या पवनारच्या, हातात वेताची काठी, चेहऱ्यावर काहीच नाही. त्यांनी सगळ्यांना ओट्यावर उभं केलं आणि एकट्या आवारात फिरल्या. पावलं सहा होती. पाच फाटकापासून दारापर्यंत, सहावं बाजूला हापशीजवळच्या चिखलात. त्या सहाव्याजवळ त्या बराच वेळ उकिडव्या बसल्या. मग शाळेच्या पडवीतलं एक घमेलं आणून त्यावर पालथं घातलं, वर दगड ठेवला.

"हापशीकडं कोणीच नाई जाचं," त्या म्हणाल्या. "पुरावा आहे."

मग दाराजवळच्या पाच पावलांकडे आल्या, मला वाकून पाहायला लावलं. पावलात मुंग्या फिरत होत्या, बाहेर एकही नव्हती. मी म्हणालो, मुंग्या आहेत. त्यांनी मान हलवली, जणू मी परीक्षेत पास झालो होतो.

"सरपंच भाऊ," त्या वळून म्हणाल्या, "हा वाघ फक्त मागच्या डाव्या पायानं चालून राह्यला. पाचही पावलं त्याच एका पायाची. अन् त्या पायाच्या एका बोटाचं टोक तुटकं आहे."

किसनराव म्हणाले, मग लंगडा वाघ असेल. छायाताई म्हणाल्या, लंगड्यालासुद्धा दुसरा पाय टेकवावा लागतो. हा वाघ कोणीतरी हातात धरून आणला होता.

३

चौकशी ओट्यावरच झाली. ग्रामपंचायत आणि शाळा यांचा ओटा एकच आहे, सिमेंटचा, त्यावर पाऊल उमटत नाही. वाघ परत कसा गेला ते मला तेव्हा कळलं. कोणत्या बाजूला गेला, तेही कळायला हवं होतं.

पहिले किसनराव. ते म्हणाले, संध्याकाळी पाचला पाणी मारून झालं तेव्हा बुक टेबलावर होतं, त्यांनी स्वतः पाहिलं. त्यानंतर ते घरात दार लावून बसले, कारण कालवडीपासून गावात सगळेच दिवस मावळायच्या आत दार लावतात. त्यांचं घर दुमजली आहे, वरच्या मजल्यावर सिमेंटचे दोन सिंह. बुक गेल्याचं त्यांना अतोनात दुःख झालेलं दिसत होतं, आणि ते खोटं नव्हतं. मला ते खटकलं. कर चुकवू पाहणारा माणूस इतका खरा रडत नाही.

दुसरे ताराचंद, किराणा दुकानदार, गावातल्या एकमेव म्हशीचे मालक. ते म्हणाले, म्हैस तीन दिवसांपासून दूध चोरून राहिली, तिला वास आला आहे. बुकाबद्दल विचारल्यावर त्यांनीही डोळ्यांना रुमाल लावला. म्हणाले, चांगलं बुक होतं.

तिसरे प्रभाकरराव गुरुजी. त्यांचं घर सिंदी मेघेला. आठ वर्षं तिकडे बदली मागतात आणि आठ वर्षं मिळत नाही. शाळा बंद झाली तर आपोआप मिळेल. गुरुजी म्हणाले, "शाळा बंद झाली तर मला फार वाईट वाटेल," आणि हे म्हणताना त्यांनी बदलीच्या अर्जांची फाईल हळूच मांडीखाली सरकवली.

चौथ्या मनकर्णाबाई, शाळेत खिचडी शिजवणाऱ्या. त्यांनी हात पुसले, सांगितलं की त्या संध्याकाळी घरी होत्या, आणि छायाताईंना जेवून जायला सांगितलं. जाता जाता पातेल्याकडे बघत एवढंच बोलल्या, "वाघ का वाचून राह्यला असन मायबाई त्या बुकात?"

छायाताईंनी शाळेचं कपाट उघडायला लावलं. वरच्या कप्प्यात विज्ञान कोपरा: चुंबक, सापळ्याचं चित्र, पेल्यात मेलेलं फुलपाखरू. खालच्या कप्प्यात हळद, तिखट, मीठ आणि पिठाचा डबा, कारण स्वयंपाकखोलीत उंदीर आहेत. वन्यजीव सप्ताहात वनखात्याने शाळेला दिलेला प्लास्टरचा एक ठसा वरच्या कप्प्यात होता. वाघाचा पाय, मागचा डावा. त्याच्या एका बोटाचं टोक तुटलेलं होतं. ते माझ्या इलाने तोडलं होतं, शेकहँड करताना.

कपाटातल्या सगळ्या वस्तूंवर बोटभर धूळ होती. वाघाचा पाय धुतलेला होता.

कपाटाची चावी गुरुजींच्या खिशातून निघाली.

४

गुरुजींना लोकांनी घेरलं. बदलीसाठी सतरा लेकरं वाघाच्या तोंडी देता का, असं कोणीतरी म्हणालं. गुरुजी पांढरे पडले. म्हणाले, चावी दिवसभर कपाटालाच असते, आज वाघाच्या गडबडीत खिशात टाकली, आणि काल पाचच्या बसने ते घरी गेले होते. कंडक्टर त्यांचा जावई आहे, हवं तर विचारा. जावई सासऱ्याच्या बाजूने बोलणारा नव्हता, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. त्याने फोनवर सांगितलं, होते गाडीत, सुटे नव्हते त्यांच्याकडे.

एक वाजत आला होता. छायाताईंनी मला कार्यालयात नेलं, दार लोटलं आणि विचारलं, बुक हरवल्यावर नियमाने काय होतं?

मी सांगितलं: बुक जळलं, बुडालं किंवा वाळवीने खाल्लं, तर सगळी घरं नव्याने पाहून नव्याने लिहायची. हे गावात कोणालाच माहीत नाही. मी एकदाच कुठेतरी बोललो असेन, आणि तेव्हाही माझ्या तोंडात घास होता.

"मंग त्या बुकात लिवलं काय होतं, रजत? सारे गाववाले रडून काऊन राह्यले?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. गेला महिनाभर मी ते बुक कॉम्प्युटरवर चढवत होतो. नवव्या पानापर्यंत आलो होतो, पुढची पानं चाळून पाहिली होती, आणि रोज जास्त घाबरत होतो, कारण मी रोज एकच शब्द टाईप करत होतो. गोठा.

घरं मोजायला माणसं येतात, तेव्हा आमच्या गावात एक रीत आहे. ताराचंदांची म्हैस मोजणाऱ्यांच्या पुढे चालते. ते पहिल्या घरी पोचायच्या आत म्हैस पुढच्या खोलीत बांधलेली असते. ते चहा पितात, तोवर म्हैस मागच्या दाराने दुसऱ्या घरी. मोजणारे लिहितात, गोठा. गोठ्याला पट्टी नाही. एकशे एकोणचाळीस नोंदींत एकशे अडतीस गोठे होते, आणि म्हैस एक. शाळेचा कर एकमताने मंजूर झाला तो म्हणूनच. प्रत्येकाला वाटलं, आपला तर गोठा आहे, भरतील बाकीचे.

म्हणजे आज तीन वाजता साहेब बुक उघडते, तर धामणटोलीत माणसंच राहत नाहीत हे सिद्ध झालं असतं. आणि गुरांना शाळा लागत नाही.

छायाताईंनी विचारलं, तुमचं घर?

"गोठा," मी म्हणालो. "आत फ्रीज आहे."

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, बुक गेल्याने ज्यांचं नुकसान ते चोर नाहीत. बुक गेल्याशिवाय ज्याचं काम होत नव्हतं, तो चोर. एकशे एकोणचाळीसमधून एकशे अडतीस गेले. उरलेलं एक घर कोणाचं?

नाव मला तेव्हाच सुचलं, पण मी ते सांगितलं नाही. कुठल्या घासाबरोबर मी तो नियम बोललो होतो, तेही त्याच क्षणी आठवलं. खिचडीच्या.

५

स्वयंपाकखोलीत मनकर्णाबाई खरकटी भांडी घासत होत्या. छायाताई चुलीजवळ पाटावर बसल्या आणि साधेपणाने म्हणाल्या, प्लास्टरचा ठसा ओल्या मातीवर दाबला तर चिकटतो, माती उचलून आणतो. चिकटू नये म्हणून कोणीतरी त्याला पीठ लावलं. पोळी लाटताना लावतात तसं. गुरुजींना ते सुचलं नसतं, सरपंचांनाही नाही. पण मुंग्यांना पीठ बरोबर सापडलं.

मनकर्णाबाईंनी भांडं खाली ठेवलं. मग तांदळाच्या कोठीचं झाकण काढून कोपरापर्यंत हात घातला आणि नमुना आठ बाहेर काढला. पदराने पुसून माझ्या हातात दिला.

"माह्या खोपट्याले या बुकात घर म्हणते," त्या म्हणाल्या. "साऱ्या गावात माह्याच एकटीच्या. मले लय बरं वाटे. दरवर्षी पट्टी भरतो मी, पावती देवाजवळ ठेवतो. मंग या पोट्ट्यानं सांगतलं का शाळेचा टॅक्स घरालेच लागते, गोठ्याले नाई. आता सांगा बाई, अख्ख्या शाळेचं छत म्या एकटीनं बांधाचं का?"

छायाताई म्हणाल्या, बांधलं नसतं तर खिचडीचं कामही गेलं असतं.

"काम जाऊ द्या. त्या रस्त्यानं हे लेकरं जातीन का? कालवडीचं म्या पाह्यलं जी. तिच्या गळ्यातली घंटी तशीच होती." त्या थांबल्या. "म्हणून म्हटलं, बुकच नाई राह्यलं तर नव्यानं लिवतीन. वाघाचं नाव घेतलं तर कोणी मांगं लागणार नाई. आता द्या पोलिसाले."

छायाताईंनी मला चहा ठेवायला सांगितलं. मी ठेवला, तिघांना दिला. चोराने कप विसळले. मग तिघांचं सर्वानुमते ठरलं, की बुक वाघाकडेच राहील. पण हे तुम्ही वाचलेलं नाही.

मनकर्णाबाई कप पालथे घालत असताना छायाताईंनी सहज विचारलं, पावलं किती उमटवली?

"पाच. फाटकापासून दारापर्यंत पाचच. माहे पाय उठले ते हातानं पुसत गेली. गुडघे दुखते माहे, किती वाकू?"

"अन् हापशीजवळचं?"

"हापशीकडं मी गेलीच नाई."

मी छायाताईंकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर सकाळपासून काहीच नव्हतं, आणि ते का नव्हतं ते मला आत्ता कळलं.

"मले माईत आहे," त्या म्हणाल्या. "त्याले मुंग्या नाई लागल्या. म्हणूनच घमेलं ठेवलं."

सहावं पाऊल पुढच्या उजव्या पायाचं होतं. बोटं पाची शाबूत होती असं म्हणणार होतो, पण वाघाची चारच उमटतात. चारही शाबूत होती.

६

तीन वाजता साहेबांची जीप आली, तेव्हा सगळं गाव शाळेच्या ओट्यावर होतं. कराच्या कळकळीने नव्हे. घरी एकटं बसायची कोणाची छाती नव्हती. मुलं मधोमध, बाया भोवती, पुरुष त्यांच्याही भोवती, आणि सर्वात बाहेर गुरुजी, कारण त्यांच्यावर अजून थोडा राग होता.

नमुना आठ वाघाने नेल्याचं किसनरावांनी साहेबांना सांगितलं. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. किसनराव तेच होते. साहेब म्हणाले, मग घरं नव्याने बघावी लागतील. हे ऐकताच मागे ताराचंद एक पाऊल सरकले, आणि म्हशीच्या दाव्याकडे गेलेला त्यांचा हात मी स्पष्ट पाहिला.

तेवढ्यात छायाताई हापशीकडे गेल्या. दगड बाजूला केला आणि घमेलं उचललं.

पावलात झिरपलेलं पाणी अजून तसंच होतं. पाऊल शाळेच्या दारापासून किती दूर आहे, हे प्रत्येक आईने मनात मोजलेलं मला दिसलं. माझी इला पुढे जायला निघाली, तिला मी दंडाला धरलं. तिला वाटलं, मी खेळतोय.

"हे खरं आहे," छायाताई म्हणाल्या. "रात्रीच पाणी पिऊन गेला तो. ढोर जिथं बांधलं असन, तिथं तो परत येते. म्हणून जिथं जिथं गोठा आहे तिथं आज दिवस बुडायच्या आत कॅमेरे लावतो. अन् गोठ्यात माणूस एक नाई पाह्यजे, वाघ हलेपर्यंत. साहेबाजवळ यादी लिवू. गोठा कोणाकोणाचा आहे, हात वर करा."

एकशे अडतीस गोठ्यांच्या मालकांनी एकमेकांकडे पाहिलं. एकही हात वर झाला नाही.

पहिले किसनराव बोलले. "माहं घर आहे जी. दुमजली."

साहेबांनी लिहिलं. मग बांध फुटल्यासारखं झालं. प्रत्येकजण पुढे येऊन आपलं घर पक्कं असल्याची खात्री देऊ लागला. कोणाचा स्लॅब होता, कोणाच्या टाईल्स होत्या, एकाने बाथरूमचा नळ दोनदा लिहायला लावला. गोठा कोणाच्या सात पिढ्यांत नव्हता. ताराचंद म्हणाले, म्हैस आजच मेहुण्याकडे पवनारला चालली, टेम्पो सांगितला आहे. मीही रांगेत उभा राहिलो आणि फ्रीजसकट घर लिहवून घेतलं. शेवटी मनकर्णाबाई आल्या. साहेबांनी न बघता विचारलं, पक्कं की कच्चं?

"घर आहे," त्या म्हणाल्या. "पह्यलेपासून."

पाच वाजता कर आकारून झाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गुरुजींनीही वाजवल्या, थोड्या हळू. छत पावसाळ्याच्या आत होईल. नदीपलीकडच्या रस्त्याने कोणी जाणार नाही. जुनं बुक तांदळाच्या कोठीखाली सरकवलं आहे, कोठी आता डुगडुगत नाही. पंचनाम्यात वाघाचं नाव आहे, पाच पंचांचे अंगठे आहेत.

राहिली हापशी. ती शाळेच्याच आवारात आहे आणि वाघाला ठाऊक झाली आहे. म्हणून त्याच संध्याकाळी, दार आतून लावून, मी पुढील अर्ज टाईप केला. छायाताईंनी तो घेतला, घडी घालून खिशात ठेवला, आणि पोच दिली नाही.

प्रति, मा. वनपरिक्षेत्र अधिकारी साहेब यांसी.

विषय: ग्रामपंचायत अभिलेखात नमूद वाघास लेखी समज देण्याबाबत.

महोदय, उपरोक्त विषयान्वये विनंती करण्यात येते की, सदर वाघ हा मौजे धामणटोली येथील नमुना आठ घेऊन गेला असल्याने त्याच्याकडे गावातील सर्व घरांची माहिती आहे. सदर माहिती जुनी असून गावात आता एकही गोठा नाही, ही बाब त्याच्या निदर्शनास आणून द्यावी. तसेच त्याने शाळेच्या वेळेत, म्हणजे सकाळी साडेदहा ते सायंकाळी पाच, हापशीवर येऊ नये, रविवार व शासकीय सुट्ट्या वगळून. सोबत कु. इला, इयत्ता पहिली, हिच्या घर ते शाळा रस्त्याचा हस्तलिखित नकाशा जोडला आहे. एकूण अंतर ऐंशी पावले, पैकी बारा पावले हापशीजवळून.

तरी सदर समज वाघास समक्ष बजावून, ती त्यास मान्य असल्याबद्दल त्याच्या चारही पायांचे ठसे याच अर्जाच्या मागील बाजूस घेण्यात यावेत, व एक प्रत या कार्यालयास परत पाठवण्यात यावी, ही नम्र विनंती.